वीतभर उघडं

मोथा, ता. चिखलदरा
९ नोव्हेंबर २०२५

चि. हर्षा हिस,

आधी सवयीने 'चि. सौ.' लिहिलं आणि मग तो कागद फाडला. हा दुसरा आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी सुनेचं नाव लिहायला नव्याने शिकते आहे.

तू माझा फोन घेत नाहीस ते बरंच आहे. फोनवर मी रडले असते आणि तू ठेवून दिला असतास. कागदावर निदान माझा आवाज येत नाही.

काम आहे म्हणून लिहिते. यंदा घाटावर थंडी लवकर आली. दिवाळीपासूनच सकाळी तोंडातून वाफ निघते. शेडमध्ये मागच्या पिल्लांपैकी अकरा उरली होती, त्यांच्या आता कोंबड्या झाल्या. पांढऱ्या, हलक्या, आणि तुरे एवढे मोठे की एका डोळ्यावर पडतात. सकाळी अंग फुगवून एकमेकींना चिकटून बसतात. आठ दिवसांत तीन अंडी. तुझे सासरे म्हणतात, "मोडून टाक थे शेड. मले त्याच्याकडे पाहणं होत नाही." मी म्हटलं, थांबा, हर्षाला विचारते.

तर विचारते. इथल्या थंडीत टिकेल अशी कोंबडी कोणती घ्यावी? तू मागे वहीच्या पानावर लाल पेनने सगळं लिहून दिलं होतंस. तो कागद सापडत नाही. घरभर शोधला. आठवत असेल तर पुन्हा लिहून पाठव. रागावून लिहिलंस तरी चालेल, पण लिही.

दुसरं म्हणजे, तिथीने मनोजचं वर्ष दोन जानेवारीला येतं. खुशीला घेऊन ये. दोन दिवस राहा नाहीतर सकाळच्या गाडीने येऊन संध्याकाळच्या गाडीने परत जा. खुशीची उंची मी दाराच्या चौकटीवर खुणा करून ठेवायचे, ती खूण जानेवारीपासून तिथेच आहे.

खुशीसाठी तिळाचे लाडू आणि स्वेटर पाठवते. पुडक्याला माझी मेथीच्या जुडीची गाठ आहे, दोन वेढे आणि टोक आत खुपसलेलं. माहेरी अचलपूरला बाजारच्या दिवशी शंभर-शंभर जुड्या बांधायचे, त्यामुळे हाताला दुसरी गाठ येतच नाही. खुशी दातांनी सोडायला जाईल. तू शेपूट शोधून ओढ. या घरात ती गाठ माझ्याशिवाय कुणाला मारता आली नाही, आणि सोडता आली ती फक्त तुला.

तब्येत सांभाळ. उत्तराची वाट पाहते.

वच्छला


मोथा
२३ नोव्हेंबर

चि. हर्षा,

उत्तर नाही. पुडकं परत आलेलं नाही, म्हणजे मिळालं असं मी धरून चालते. खालच्या पोस्टात नत्थुजी माझी पत्रं टाकतो. शेजारचा गवळी नत्थुजी, तो म्हणतो, "वहिनी, माह्या हातानं पेटीत टाकलं, आता काय माह्यावर भरोसा नाही का?" त्याच्यावर आहे. माझ्यावरच नाही.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तो कागद हरवलेला नाही. मी तो चुलीत घातला.

तेराव्याच्या दिवशी देवीदास भावजी ओट्यावर उभे राहून काय बोलले ते तुला पाठ असेल. मलाही आहे. "शिकलेली सून, शिकलेली सून म्हणून डोक्यावर घेतली! भर पौषात इलायती पिल्लं आणली, चारी बाजूनं पडदे बांधले, अंदर शेगडी ठेवली, अन् पोराले मारून टाकलं!" सगळी भावकी ऐकत होती. तू भिंतीला टेकून बसली होतीस, खुशी तुझ्या मांडीवर. तू त्यांच्याकडे पाहिलं नाहीस. माझ्याकडे पाहिलंस. मी पदर तोंडावर ओढला. थोड्या वेळाने आत गेले, पिठाच्या डब्याखालून तुझा कागद काढला आणि चुलीत सरकवला. वर भाताचं पातेलं होतं. तो भात लोकांनी खाल्ला.

कागद जाळला कारण तो कुणी वाचला असता तर कळलं असतं की तू आम्हाला सगळं आधीच बजावलं होतंस. त्यात लिहिलं होतं की डोंगरावर लहान तुऱ्याची कोंबडी घ्यावी, कारण थंडी पहिल्यांदा तुऱ्याला धरते. अंग जड आणि पिसं दाट असलेली घ्यावी. तांबड्या-काळ्या जड जातीची, नाहीतर इकडच्याच गावरान कोंबडीला असिल कोंबड्याचं रक्त दिलेली. पांढरी, हलकी, भरपूर अंड्यांची कोंबडी खालच्या उन्हात शोभते, इथे नको. पिल्लं थंडीत आणूच नये, होळीनंतर आणावी, आणि घाईच असेल तर अंड्यावर यायला टेकलेल्या तलंगा घ्याव्या, म्हणजे ऊब द्यायची दगदग नाही. अजून एक शेवटचा मुद्दा होता. तो आता आठवत नाही.

आणि पांढरी पिल्लं मी आणली. अकोल्याच्या कृषी प्रदर्शनात त्या पिंजऱ्यापुढे मीच तासभर उभी राहिले. माणूस म्हणाला, वर्षाला तीनशे अंडी. मी बोटांवर महिने मोजले. डिसेंबरात पिल्लं आणली तर जूनमध्ये अंड्यावर येतील, आणि जूनमध्ये चिखलदऱ्याला पाऊस बघायला माणसांची रीघ लागते. मनोज म्हणाला, "आई, हर्षा नाही म्हणते." मी म्हणाले, "तिनं पुस्तकातल्या कोंबड्या पाहिल्या, मी चुलीवरच्या." सगळे हसले. तूही हसलीस. मग तू अडीचशे पिल्लांची सोय लावलीस, आणि लोकांनी धरलं की पिल्लं तूच आणली.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. इथे दहा महिने राहिलं होतं.

वच्छला


मोथा
८ डिसेंबर

चि. हर्षा,

शुक्रवारी मी अकोल्याला आले होते. तुझ्या सासऱ्यांना सांगितलं की परतवाड्याला डोळे दाखवायला जाते. परतवाड्याहून अकोटची गाडी, तिथून अकोला, तिथून ऑटो. ऑटोवाल्याला तुझ्या बाबांच्या घराचा, केशवरावांचा पत्ता सांगितला आणि मध्येच म्हणाले, नको, शाळेपाशी सोड.

शाळेसमोर उसाच्या रसाच्या गाडीच्या आडोशाला उभी राहिले. खुशी बाहेर आली. दात पडला आहे तिचा समोरचा. शाळेचा निळा स्वेटर होता, पण बाहीखालून माझ्या लोकरीची पिवळी किनार दिसत होती. ती बघून मी गाडीचा दांडा धरला.

मग तू स्कूटीवरून आलीस. आता काम करतेस त्या अंडी उबवायच्या कारखान्याचा पांढरा कोट अंगावर होता. खुशी काहीतरी बोलली आणि तू हसलीस. तुझं हसू पाहून मला बरं वाटायला हवं होतं. मला राग आला. माझा मुलगा गेला आणि ही हसते, असं आलं मनात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो हा. लिहून टाकते, कारण आता तुझ्यापासून काही राखून ठेवायचं नाही असं ठरवलं आहे.

ठरवलं आहे, आणि तरी एक गोष्ट राहिली आहे. तीच सांगायला आले होते. दहा पावलं चालले असते तर तुझ्या समोर उभी राहिले असते. तुम्ही दोघी निघून गेलात तरी मी तिथेच उभी. उसवाला म्हणाला, "मावशी, रस घ्याचा असन तं घ्या, नाहीतं बाजूनं व्हा." रस घेतला. एवढ्या थंडीत, बर्फ घातलेला. सगळा प्याले.

इकडे परवा गवतावर दंव गोठलं होतं. दोन कोंबड्यांच्या तुऱ्यांची टोकं काळी पडली. खोबरेल लावलं. तू म्हणायचीस तेच झालं, थंडी आधी तुऱ्याला धरते. परतवाड्याच्या बाजारातून एक डोंगरी कोंबडा आणला, तुरा करंगळीएवढा. तो पहाटे उघड्यावर उभा राहून बांग देतो आणि या अकरा जणी कोपऱ्यात कुडकुडतात.

दोन तारखेचं विसरू नकोस.

वच्छला


मोथा
२१ डिसेंबर

हर्षा,

कागदावरचा शेवटचा मुद्दा आठवत नाही असं लिहिलं होतं. तो मला पाठ आहे. 'शेडमध्ये कोळशाची शेगडी ठेवावीच लागली, तर एका बाजूचा पडदा वरून वीतभर उघडा ठेवावा.' खाली तू दोन रेघा मारल्या होत्या.

त्या दिवशी वीज जाऊन दुसरा दिवस होता. संक्रांत तोंडावर आली होती. उबेचे दिवे बंद, पिल्लं एकावर एक चढत होती आणि खालची गुदमरत होती. तूच शेगडी पेटवली, निखारे लाल झाल्यावर आत नेली, आणि खालच्या अंगाचा पडदा वरून वीतभर सोडून बांधलास. खुशीला ताप होता म्हणून तू घरात आलीस. मनोज म्हणाला, मी पिल्लांपाशी झोपतो.

जेवणं झाल्यावर मी त्याला दुसरी वाकळ द्यायला गेले. तो जागा होता. म्हणाला, "आई, तू कायले आली थंडीत? जाय झोप." मी वाकळ अंगावर टाकली, पाय झाकले. त्याचे पाय लहानपणापासून पांघरुणाबाहेर यायचे. त्या फटीतून वारा थेट त्याच्या डोक्यावर येत होता. पिल्लंही त्या बाजूने पळून दुसऱ्या कोपऱ्यात गोळा झाली होती. मी म्हणाले, "हे कायले उघडं ठेवलं?" तो म्हणाला, "राहू दे, हर्षानं ठेवलं." आणि कूस वळला.

मी बाहेर आले. दार ओढून घेतलं. अंगणात उभी राहिले तर गार वाऱ्याने माझेच दात वाजायला लागले. मला वाटलं, पोरगं आत गारठणार. पोराला आणि पिल्लांना ऊब लागते, एवढं मला कळतं, दोन लेकरं झाली मला, त्यातलं एक हिवात गेलं, मनोजच्या आधीचं. पडदा वर ओढला, ती वीत बंद केली आणि बाहेरून बांधून टाकला. मग घरी येऊन झोपले. गाढ झोपले, हर्षा. पोराची सोय लावून आल्यासारखी झोपले.

सकाळी तुझी किंकाळी ऐकून आले तेव्हा तू पडदा सोडून ओढून काढला होतास. आत धूर नव्हता. काही नव्हतं. मनोज तसाच कुशीवर, पाय वाकळीच्या आत. पिल्लं त्याच्याभोवती. जाळी फाटली होती त्या कोपऱ्यातली अकरा तेवढी हलत होती.

पोलिसांनी विचारलं, पडदे कोणं बांधले? तू म्हणालीस, "मले नाही माहीत." मी तिथेच होते, चार पावलांवर. मी बोलले नाही. त्यांनी अपघात लिहून घेतला. आणि लोकांनी धरलं की तूच बांधले आणि आता लपवतेस. माझा मुलगा गेला होता, माणसं मला धरून रडत होती. मला वाटलं, खरं सांगितलं तर हे हात सुटतील. म्हणून तुझा हात सोडला.

मी माझ्या मुलाला मारलं. आजवर हे वाक्य तोंडातून निघालं नाही, आज हाताने लिहिलं. थंडी लागू नये म्हणून मारलं. देवाकडे गेले तरी तो काय विचारणार मला, हेतू विचारील की गाठ विचारील?

कोंबड्यांचं विचारायला पत्र लिहिते असं म्हणत होते ना, तो सगळा बहाणा होता. मला कोंबड्या नकोत. तू आणि खुशी हव्या आहात. पण तेही मागायचं तोंड नाही, म्हणून आपलं कोंबड्यांचंच विचारत राहिले.

वच्छला


मोथा
४ जानेवारी २०२६

हर्षा,

परवा मनोजचं वर्ष झालं. तुमच्यासाठी दोन पाट मांडून ठेवले होते, ते तसेच उचलले.

पंगत बसायच्या आधी मी ओट्यावर उभी राहिले. जिथे देवीदास भावजी उभे होते तिथेच. म्हणाले, "पिल्लं मी आणली. पडदा मी बांधला. हर्षानं उघडा ठेवला होता. मी सालभर तिच्यावर लोटलं." वाक्यं आधी पाठ केली होती, तरी शेवटचं नीट म्हणता आलं नाही. देवीदास भावजी पायात चपला घालून निघून गेले. चुलत जावेने तिच्या पोराला माझ्या जवळून ओढून घेतलं. बाकीच्यांनी मान खाली घालून जेवण केलं. अन्न टाकून कसं जातील.

तुझे सासरे संध्याकाळपर्यंत ओट्यावरच बसून होते. मग म्हणाले, "आता काहून सांगून राहिली?" मी म्हणाले, "हर्षासाठी." ते म्हणाले, "तिच्यासाठी सांगाचं होतं तं तवा सांगाचं होतं. आता मले कायले सांगतलं? माह्याजवळ एवढंच होतं, का तू तरी निर्मळ आहे." त्यांनी आपली खाट पडवीत नेली. तिथे गारठा फार आहे. मी वाकळ घेऊन गेले तर म्हणाले, "नको." त्या एका शब्दावर मी परत आले.

काल नत्थुजीने तुझं पाकीट आणून दिलं. एकोणतीस तारखेचा शिक्का आहे, म्हणजे मी ओट्यावर बोलायच्या आधीच तू लिहिलंस. तुझंच पत्र तुला काय लिहून दाखवायचं, पण मी ते इथे उतरवते. इतक्या वेळा वाचलं आहे की हात आपोआप चालतो.

'आई, चारही पत्रं मिळाली. त्या सकाळी पडदा मी सोडला होता. ती गाठ मनोजला कधी मारता आली नाही. मी शेपूट शोधून ओढलं, तेव्हाच मला कळलं होतं. पोलिसांना सांगितलं नाही, कारण तुम्ही त्याला थंडी लागू नये म्हणूनच बांधलं असणार, यात मला शंका नव्हती. त्याबद्दल माझ्या मनात तेव्हाही काही नव्हतं, आजही नाही. मी तेरा दिवस वाट पाहिली. तुम्ही एकट्या माझ्याजवळ येऊन सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी त्याच घरात राहिले असते, लोक काहीही बोलले असते तरी. तेराव्याला मी तुमच्याकडे पाहिलं, ते मला विसरता येत नाही.

मी येणार नाही. खुशी मोठी झाली की तिला सगळं सांगीन, मग तिला यायचं असेल तर ती येईल. तिला काही पाठवावंसं वाटलं तर पाठवत जा. पण लाडवाच्या पुडक्यावर तीच गाठ होती. मी ती कात्रीने कापली. पुन्हा तशी गाठ मारू नका.

कागद सोबत आहे. – हर्षा'

कागद तू पुन्हा लिहिलास, पण अगदी तसाच आहे, वहीचं पान, लाल पेन. लहान तुरा, जड अंग, दाट पिसं. पिल्लं होळीनंतर. आणि शेवटी, दोन रेघांसह, पडदा वरून वीतभर उघडा. त्याच्याखाली एक ओळ नवीन आहे. 'कोंबडीला गारवा चालतो. कोंडलेली हवा चालत नाही.'

हर्षा, तुला सगळं माहीत होतं. वर्षभर मला वाटत होतं की मी तुझ्यापासून काही लपवते आहे. लपलेलं काहीच नव्हतं. तू तिकडे वाट पाहत होतीस आणि मी इकडे पत्रात कोंबड्या विचारत होते. तेरा दिवसांतला एक दिवस पुरला असता.

शेड मोडू नका असं मी तुझ्या सासऱ्यांना पुन्हा सांगितलं. त्या अकरा जणींना हिवाळा काढायचा आहे. काल संध्याकाळी शेडमध्ये गेले. पडदा वर ओढला, हाताची वीत लावून मोजली आणि तेवढं उघडं ठेवलं. सुतळी हातात घेतली, दोन वेढे दिले आणि टोक आत खुपसायला बोटं आपोआप वळली. मग सोडलं. दुसरी कोणती गाठ मला येत नाही, म्हणजे काय ते त्या वेळी कळलं. कुंपणापाशी जाऊन नत्थुजीला हाक मारली.

तो म्हणाला, "काय वहिनी, एवढ्याशासाठी बोलावलं? तुमाले नाही बांधता येत?"

मी म्हणाले, "नाही येत. बांधून दे."

त्याने त्याची साधी गाठ मारली. खुशीच्या पुडक्यालाही आता त्याच्याकडूनच बांधून घेत जाईन.

वच्छला